कोणता प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन काढतो? विद्युतदर्शी आणि फोटोसेलवर करून पाहायचे दोन प्रयोग

समोर काच असलेला ५०० वॅटचा हॅलोजन जस्ताच्या पत्र्यावर तासभर रोखून ठेवा. पत्रा तापेल, हात लावला तर चटका बसेल, पण इलेक्ट्रॉन काही बाहेर पडायचे नाहीत. त्याच पत्र्यासमोर पाण्याच्या प्युरिफायरमधली ११ वॅटची यूव्ही ट्यूब धरली की ते लगेच सुटायला लागतात. प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटणं, म्हणजे प्रकाशविद्युत परिणाम (फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट). हाइनरिश हर्ट्झला १८८७ मध्ये या परिणामाची पहिली चाहूल लागली. पुढच्याच वर्षी हॉलवाक्सने तो जस्ताच्या पत्र्यावर दाखवला. प्रकाश प्रखर केला की इलेक्ट्रॉनची संख्या वाढते, कमाल ऊर्जा मात्र तेवढीच राहते, हे लेनार्डने १९०२ मध्ये मोजून सांगितलं आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचं कारण एका समीकरणात मांडलं.

खाली दिलेल्या दोन प्रयोगांपैकी पहिला कोणत्याही शाळेत जमतो. दुसरा बीएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘प्लँक कॉन्स्टंट’ या नावाने असतो. तिथे बहुतेक मुलं रीडिंग घेतात, ग्राफ काढतात आणि उत्तर का चुकलं ते न कळताच जर्नलवर सही घेऊन मोकळी होतात. म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

आधी एवढा हिशेब पाठ करा

एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आपली सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो. ती ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. धातूच्या पृष्ठभागातून सुटायला इलेक्ट्रॉनला किमान जेवढी ऊर्जा मोजावी लागते, ते त्या धातूचं वर्क फंक्शन. उरेल ती इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा:

कमाल गतिज ऊर्जा = (प्लँकचा स्थिरांक × वारंवारता) − वर्क फंक्शन

दर वेळी ज्यूलमध्ये आकडेमोड करत बसू नका. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या छोट्या एककात मिळते. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश १.९१, ४०० चा जांभळा ३.१०, प्युरिफायरच्या ट्यूबचा २५४ चा अतिनील ४.८८. आता धातू पाहा. सिझियमचं वर्क फंक्शन सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पोटॅशियमचं २.३, जस्ताचं ४.३, तांब्याचं ४.७ च्या आसपास आणि प्लॅटिनमचं ५.६. म्हणजे सिझियमला पिवळा प्रकाशही पुरतो. जस्ताला २८८ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबी लागते आणि प्लॅटिनमपुढे २५४ ची ट्यूबही हात टेकते.

दोन दुबळ्या फोटॉनांची ऊर्जा एकत्र होऊन इलेक्ट्रॉन सुटत नाही का? प्रचंड तीव्रतेच्या लेझरखाली सुटतो. दिव्याच्या प्रकाशात अशी गाठ पडण्याची शक्यता इतकी कमी आहे की या प्रयोगांत ती शून्य धरायची.

पहिला प्रयोग: जस्त आणि विद्युतदर्शी

साहित्य: सुवर्णपत्र विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार आला की पट्ट्या फाकणारं उपकरण (काचेची बरणी, तांब्याची तार आणि ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पातळ पट्ट्या वापरून केलेलाही चालतो), साधारण १० × १० सेंटिमीटरचा जस्ताचा पत्रा, बारीक पॉलिश पेपर, पीव्हीसी पाइपचा तुकडा, लोकरी कापड, काचेची कांडी आणि रेशमी कापड, ३-४ मिलिमीटर जाडीची खिडकीची काच, आणि २५४ नॅनोमीटरची यूव्ही ट्यूब तिच्या चोकसकट. शुद्ध जस्त मिळालं नाही तर जीआय पत्रा घ्या, त्यावर जस्ताचाच थर असतो. मात्र तो हलक्या हाताने घासा. जोर लावला तर खालचं लोखंड उघडं पडतं.

ट्यूबबद्दल आधीच सांगायला हवं. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. डोळ्यांतली आग त्या क्षणी नाही, काही तासांनी सुरू होते, त्यामुळे ‘काही झालं नाही’ असं वाटून माणूस बघत राहतो. पॉलिकार्बोनेटचा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. ट्यूब पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून एकाच बाजूने खिडकी कापा. विद्यार्थी त्या खिडकीच्या समोर नकोत. ट्यूब चोकशिवाय थेट मेनला जोडायची नाही आणि खोलीत खेळती हवा हवी.

१. पत्रा प्रयोगाच्या अगदी आधी घासा. घासून ठेवलेल्या जस्तावर ऑक्साइडचा थर चढत जातो आणि परिणाम मंदावतो. घासून झाल्यावर त्यावर बोट लावू नका.

२. पत्रा विद्युतदर्शीच्या चकतीवर उभा बसवा. घासलेली बाजू दिव्याकडे.

३. पीव्हीसी पाइप लोकरीवर घासा. त्यावर ऋण प्रभार येतो. पाइप पत्र्याच्या कडेवरून ओढत न्या. तीन-चार वेळा केलं की पट्ट्या फाकतात.

४. दिवा बंद ठेवून दोन मिनिटं थांबा. पट्ट्या आपोआप मिटत असतील तर प्रभार गळतोय, आणि त्या अवस्थेत पुढचं काहीही सिद्ध होणार नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये ही गळती हमखास असते. विद्युतदर्शीचा रोधक बूच हेअर ड्रायरने दोन मिनिटं सुकवा किंवा सरळ हिवाळ्यात प्रयोग लावा.

५. ट्यूब १०-१५ सेंटिमीटरवर आणून चालू करा. पट्ट्या भराभर मिटल्या पाहिजेत.

६. पुन्हा ऋण प्रभार द्या आणि मध्ये काच धरा. मिटणं थांबतं. साधी काच ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जवळजवळ सगळा गिळते. निळसर उजेड मात्र काचेपलीकडे तसाच दिसत राहतो. काच काढताक्षणी पट्ट्या पुन्हा मिटू लागतात. सगळ्या प्रयोगात हाच भाग मुलांच्या लक्षात राहतो, तो घाईत उरकू नका.

७. आता काचेची कांडी रेशमावर घासून धन प्रभार द्या आणि ट्यूब लावा. पट्ट्या फाकलेल्याच राहतात, कारण सुटलेला इलेक्ट्रॉन धन पत्रा परत ओढून घेतो. ही पायरी गाळायची नाही. अतिनील प्रकाशाने हवाच वाहक झाली आणि तिच्यातून प्रभार निघून गेला, अशी शंका कोणीतरी काढतंच. तसं असतं तर धन प्रभारही गेला असता.

पट्ट्या मिटल्याच नाहीत तर आधी दिवा तपासा. नोटा तपासायच्या यंत्रातला जांभळा दिवा, बाजारात ‘यूव्ही’ म्हणून विकला जाणारा एलईडी टॉर्च, पार्टीतला ब्लॅक लाइट हे सगळे ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचे असतात. फोटॉनची ऊर्जा जेमतेम ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे असे शंभर टॉर्च लावले तरी जस्त ढिम्म. उन्हातही जमत नाही, कारण २९० च्या खालचा प्रकाश ओझोन वरच अडवतो. उलट, समोरची काच काढलेला हॅलोजन वापरला तर पट्ट्या हळूहळू मिटू शकतात. त्याची नळी क्वार्ट्‌झची असते आणि थोडा अतिनील प्रकाश तिच्यातून निसटतो. काही निष्कर्ष काढण्याआधी पुढची काच आहे ना, ते पाहून घ्या.

दुसरा प्रयोग: फोटोसेल आणि प्लँकचा स्थिरांक

फोटोसेल म्हणजे निर्वात काचेची नळी. आत अर्धगोल वाकवलेला कॅथोड, त्यावर बहुधा अँटिमनी-सिझियमचा लेप, आणि समोर तारेचा बारीक ॲनोड. कॅथोडवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन ॲनोडकडे जातात आणि प्रवाह दिसतो. ॲनोडला कॅथोडच्या मानाने ऋण केलं की ते अडतात. ज्या व्होल्टेजला सर्वांत जोमदार इलेक्ट्रॉनही परत फिरतो, ते स्टॉपिंग पोटेन्शियल. व्होल्टमध्ये वाचलेला तो आकडाच इलेक्ट्रॉन-व्होल्टमधली कमाल गतिज ऊर्जा. नळी निर्वातच हवी. वायू भरलेल्या फोटोसेलवर हा प्रयोग होत नाही.

प्रकाशाचे स्रोत दोन प्रकारचे मिळतात. मर्क्युरी दिवा असेल तर ३६५.०, ४०४.७, ४३५.८, ५४६.१ आणि ५७७-५७९ नॅनोमीटरच्या सुट्या रेषा मिळतात. १२ व्होल्टचा हॅलोजन आणि रंगीत फिल्टर असतील तर ४६० ते ६३५ च्या दरम्यान पाच-सहा रंग. मिळाला तर मर्क्युरीच घ्या. हॅलोजनच्या दोन टोकांच्या फोटॉनांत जेमतेम पाऊण व्होल्टचा फरक पडतो आणि त्याच्या निळ्या टोकाला प्रकाशच थोडा असतो. मर्क्युरीत तो फरक सव्वा व्होल्टचा आहे.

१. खोलीतले ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबलाइटमध्येही पाराच असतो, त्यामुळे त्याच्या उजेडात ४३६ आणि ४०५ च्या रेषा असतात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ४५० च्या आसपासचा निळा असतो. पिवळ्या फिल्टरचं रीडिंग घेताना हा निळा उजेड फटीतून नळीत शिरला तर स्टॉपिंग पोटेन्शियल त्याचंच मिळतं, पिवळ्याचं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून वही लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

२. मर्क्युरी दिवा १० ते १५ मिनिटं तापू द्या. मध्येच बंद केला तर थंड होईपर्यंत तो परत पेटत नाही, म्हणून सगळी रीडिंग संपेपर्यंत स्विचला हात नको. हॅलोजनला पाच मिनिटं पुरतात.

३. फोटोसेलचं तोंड टोपीने झाका. मीटर सर्वांत संवेदनशील रेंजवर ठेवून शून्य जुळवा. टोपी लावूनही व्होल्टेज बदलताच प्रवाह हलत असेल तर नळीच्या बुडाशी ओल किंवा बोटांचे डाग आहेत. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून सुकू द्या.

४. दिवा आणि फोटोसेलमधलं अंतर ठरवा, साधारण २५-३० सेंटिमीटर, आणि या भागात ते बदलू नका. आधी फिल्टर बसवा, मगच टोपी काढा. उघडा प्रखर प्रकाश थेट कॅथोडवर पडू दिला तर लेप थकतो आणि नंतरचे प्रवाह घसरत जातात.

५. व्होल्टेज शून्यावर ठेवून प्रवाह लिहा. मग ऋण दिशेला ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी जा आणि प्रवाह सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर आला की ०.०२ च्या पायऱ्या घ्या.

६. प्रवाह शून्य झाला म्हणून थांबू नका. पुढे आणखी अर्धा-एक व्होल्ट जा. प्रवाह शून्याखाली जाऊन एका ऋण आकड्यावर सपाट होतो. ते आकडेही वहीत घ्या, त्यांचं काम पुढे आहे.

७. प्रत्येक फिल्टरसाठी एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या व्होल्टेजने वाचा. दोन्हींत ०.०३ व्होल्टहून जास्त फरक पडला तर दिवा अजून स्थिर झालेला नाही.

हिशेब बरोबर चाललाय का, हे ताडायला नमुना म्हणून खालचे आकडे ठेवा. उभ्या अक्षावर स्टॉपिंग पोटेन्शियल आणि आडव्या अक्षावर तरंगलांबी नव्हे, वारंवारता घ्यायची. २९९७९२ ला नॅनोमीटरने भागलं की वारंवारता टेराहर्ट्झमध्ये येते. ग्राफ उभ्या अक्षाला शून्याच्या खाली १.६० व्होल्टला छेदतो असं मानून सूत्रातून काढलेले हे आकडे:

३६५.० नॅनोमीटर: ८२१ टेराहर्ट्झ, १.८० व्होल्ट
४०४.७ नॅनोमीटर: ७४१ टेराहर्ट्झ, १.४६ व्होल्ट
४३५.८ नॅनोमीटर: ६८८ टेराहर्ट्झ, १.२४ व्होल्ट
५४६.१ नॅनोमीटर: ५४९ टेराहर्ट्झ, ०.६७ व्होल्ट
५७८ नॅनोमीटर: ५१९ टेराहर्ट्झ, ०.५५ व्होल्ट

दोन टोकांमध्ये १.२५ व्होल्ट आणि सुमारे ३०३ टेराहर्ट्झ. स्लोप ४.१३ × १०^−१५ व्होल्ट-सेकंद. त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने, म्हणजे १.६०२ × १०^−१९ ने गुणलं की ६.६२ × १०^−३४ ज्यूल-सेकंद. खरा आकडा ६.६२६ × १०^−३४ आहे आणि २०१९ पासून तो व्याख्येनेच पक्का केलेला आहे. टोकाच्या एकाच रीडिंगमध्ये ०.०५ व्होल्टची चूक झाली तर उत्तर ४ टक्क्यांनी हलतं. त्यामुळे प्रत्यक्षात दोन टोकांवर भिस्त ठेवू नका, पाचही बिंदूंमधून जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढा.

उत्तर ६.६ ऐवजी ५ च्या घरात का येतं

सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे उलटा प्रवाह. वर्षानुवर्षांच्या वापरात कॅथोडचा थोडा लेप उडून ॲनोडवर बसतो. नळीतला विखुरलेला प्रकाश ॲनोडवर पडला की तोही इलेक्ट्रॉन सोडतो. सहाव्या पायरीत दिसलेला सपाट ऋण प्रवाह त्याचाच. त्यामुळे मीटर शून्य दाखवतो तेव्हा कॅथोडचे इलेक्ट्रॉन पूर्ण थांबलेले नसतात, फक्त येणारे आणि जाणारे सारखे झालेले असतात. शून्याचं व्होल्टेज खऱ्या स्टॉपिंग पोटेन्शियलपेक्षा कमी भरतं. जांभळ्या-अतिनील बाजूला ॲनोड जास्त इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणून तिथली घट बहुधा जास्त असते. ग्राफचं वरचं टोक खाली येतं आणि स्लोप कमी होतो.

यावर इलाज असा: सपाट भागातून आडवी रेषा काढा आणि वक्र त्या रेषेपासून जिथे पहिल्यांदा सुटतो तो बिंदू स्टॉपिंग पोटेन्शियल धरा. तिथे तीक्ष्ण कोपरा मिळणार नाही, गोलसर वळण मिळेल, कारण खोलीच्या तापमानाला धातूतल्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जाच थोडी पसरट असते. वळणावर नेमकं बोट कुठे ठेवायचं हे थोडंफार मतावर जातं. पण पाचही रंगांना एकच रीत लावली तर ती चूक सगळीकडे जवळपास सारखी पडते आणि स्लोपला फारसा धक्का लागत नाही. दोन रंगांना एक रीत आणि तिघांना दुसरी, असं मात्र करू नका.

दुसरा गुन्हेगार गळका फिल्टर. पिवळ्या फिल्टरमधून निळ्याचा अंश आला तर पिवळ्याचं स्टॉपिंग पोटेन्शियल वाढतं. खालचं टोक वर जातं आणि स्लोप पुन्हा कमीच होतो. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात, म्हणून जुन्या सेटवर ५.५ च्या आसपासची उत्तरं दिसली तर नवल नाही. तपासणी सोपी आहे: पिवळा फिल्टर लावून निळा अडवणारा आणखी एक पिवळा फिल्टर पुढे धरा. स्टॉपिंग पोटेन्शियल दणक्यात घसरलं तर पिवळ्यातून काहीतरी भलतंच येत होतं.

हॅलोजनच्या सेटवर उलटी गंमत होते. फिल्टर तरंगलांबींचा एक पट्टा सोडतो आणि त्यावर त्या पट्ट्याच्या मधली तरंगलांबी छापलेली असते, पण स्टॉपिंग पोटेन्शियल ठरवतो तो पट्ट्यातला सर्वांत आखूड प्रकाश. प्रत्येक फिल्टर दोन्ही बाजूंना १० नॅनोमीटर पसरट धरला तर ४६० च्या जागी ४५० आणि ६३५ च्या जागी ६२५ घ्यायला हवं. छापील आकडे घेतल्यास उत्तर सुमारे ४ टक्के जास्त येतं. फिल्टर एका कडेपासून पुढचं सगळं सोडणारा असेल तर ती कडच मोजायची.

छेदातून कॅथोडचं वर्क फंक्शन काढू नका

जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये ग्राफ जिथे उभ्या अक्षाला छेदतो तो आकडा ‘कॅथोडचं वर्क फंक्शन’ म्हणून लिहिलेला सापडतो. तो चूक आहे. कॅथोड आणि ॲनोड वेगवेगळ्या पदार्थांचे. तारेने जोडले की त्यांच्या दरम्यान कॉन्टॅक्ट पोटेन्शियल तयार होतं आणि मीटरला ते दिसत नाही. ते धरून समीकरण मांडलं की कॅथोडचं वर्क फंक्शन गळून जातं आणि त्या जागी ॲनोडचं येतं. वरच्या नमुन्यातला १.६० हा त्यामुळे लेप बसलेल्या ॲनोडचा आकडा आहे, कॅथोडचा नव्हे. कॉन्टॅक्ट पोटेन्शियल सगळ्या रंगांना सारखंच असल्याने स्लोपला बाधा येत नाही.

रॉबर्ट मिलिकनला हे पक्कं ठाऊक होतं. आइन्स्टाइनचं म्हणणं त्याला मुळीच पटलेलं नव्हतं. तरी त्याने शिकागोत निर्वात नळीच्या आत सुरी बसवून सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमचा पृष्ठभाग तिथल्या तिथे तासला, कॉन्टॅक्ट पोटेन्शियल वेगळं मोजलं आणि १९१६ मध्ये ६.५७ × १०^−३४ हा आकडा छापला. कॅथोडची स्वतःची सीमा हवी असेल तर ॲनोड धन ठेवून कोणत्या तरंगलांबीनंतर प्रवाह मावळतो ते पाहावं लागतं. पाच फिल्टरांत ते नीट होत नाही.

प्रखरतेची तपासणी

एकच फिल्टर ठेवा. ॲनोडला १०-१५ व्होल्ट धन द्या, म्हणजे सुटलेला जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन गोळा होतो. अंतर २०, २५, ३०, ३५, ४० सेंटिमीटर असं बदलून प्रवाह लिहा. अंतर दिव्याच्या तारेपासून कॅथोडपर्यंत मोजायचं, स्टँडच्या खुणेपासून नाही. प्रवाह आणि अंतराच्या वर्गाचा व्यस्त यांचा ग्राफ सरळ रेषेत येतो. २० वरून ४० वर गेलात की प्रवाह चौथाई. मग त्याच अंतरांवर स्टॉपिंग पोटेन्शियल काढा. ते जागचं हलायला नको.

हललंच, आणि प्रकाश कमी होताना ते किंचित घटत गेलं, तर तुम्ही मीटरच्या शून्यावरच विसंबला आहात. मंद प्रकाशात कॅथोडचा प्रवाह घटतो, पण नळीच्या बुडातून होणारी गळती तेवढीच राहते आणि शून्याचा बिंदू अलीकडे सरकतो. टोपी लावून त्याच व्होल्टेजांना गळतीचा प्रवाह मोजा, तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करा आणि ग्राफ पुन्हा काढा.